चालतंय ना? मग झालं तर!

मराठी माणसाच्या तोंडचं सगळ्यात महागडं वाक्य कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, "चालतंय ना? मग झालं तर!" गळका नळ, करकरणारं दार, एका बाजूला कललेला पंखा... सगळ्यांना हे एकच औषध. पण या वाक्याने आपला खिसा सगळ्यात गुपचूप कुठे कापला असेल, तर तो घरातल्या इंटरनेटच्या तारेत. आज त्यावर जरा तावातावाने लिहिणार आहे. तांत्रिक विषयाचा कंटाळा असलेल्यांनीही वाचा, कारण मामला तारेचा कमी आणि आपल्या सवयीचा जास्त आहे. (आणि आमच्या घरच्या मंडळींनी तर वाचाच. दिवाळीत मी तुमच्याकडे येणार आहे आणि येताना पिशवीत टेस्टर असणार आहे!)

माझं म्हणणं सरळ आहे. नेट हळू चालतं, अडखळतं म्हणून प्लॅन वाढवण्याआधी घरातली तार तपासा. तार न बघता 'प्लॅन वाढवा' म्हणणारा माणूस हा पेशंटला हात न लावता गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरसारखा आहे. आणि आपण त्या गोळ्या दर महिन्याला मुकाट गिळतोय.

थोडा इतिहास. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं. मोडेमची ती किर्रर्र-घर्रर्र ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हटलं होतं. २०२३ मध्ये ती व्याख्या २ एमबीपीएसवर नेली. प्रत्यक्षात आज शहरांतल्या घरांत शंभर, दोनशे, तीनशे एमबीपीएसचे प्लॅन आहेत आणि दारापर्यंत फायबर, म्हणजे काचेच्या केसातून उजेड येतो. पण दारातल्या त्या पांढऱ्या डबीपासून आतल्या खोलीपर्यंत काय जातं? बऱ्याच घरांत एक तांब्याची तार. ती कुणी टाकली, कधी टाकली, कशी टाकली, कुणालाच आठवत नाही. पालिकेने दारापर्यंत भरपूर दाबाने पाणी आणून द्यायचं आणि घरातला पाइप गंजून बुजलेला असला तर 'पालिकेकडून मोठं कनेक्शन घ्या' म्हणायचं, असला हा प्रकार आहे.

आता हे 'चालतंय ना' इथे इतकं का फसवतं ते सांगतो. नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारा असतात. दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीची पीळ घालून वेणी घातलेली. ही वेणी शोभेची नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच येऊन आदळतो, समोरचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं आणि उपद्रव आपोआप वजा होतो. साधी, सुंदर युक्ती. एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली, अजून हीच वापरतोय.

या चार जोड्यांपैकी १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात. १००० ला मात्र चारही लागतात. आणि गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी की, चारपैकी एखादी जोडी तुटली तर आजची बरीच यंत्रं बंद पडत नाहीत. ती निमूटपणे एक पायरी खाली उतरतात आणि १०० वर काम चालू ठेवतात. तांबडा दिवा नाही, शिटी नाही, काही नाही. विजेची तार तुटली तर दिवा जातो, आपण वायरमनला फोन करतो. ही तार अर्धी तुटली तरी 'चालतंय'. इथेच आपलं ते लाडकं वाक्य येतं आणि तपास बंद होतो.

याची एक खूण लक्षात ठेवा. प्लॅन दोनशेचा किंवा तीनशेचा, पण तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर वेगाची चाचणी वारंवार ९३-९५ च्या आसपास येऊन अडते? मग कंपनीला शिव्या देण्याआधी थांबा. १०० च्या जोडणीतून प्रत्यक्षात साधारण तेवढंच बाहेर पडतं. ९४ हा आकडा दिसला की समजावं, कुठेतरी एखादी जोडी तुटली आहे किंवा मधलं एखादं यंत्रच जुनं, शंभरपुरतं आहे.

आता मामाची गोष्ट. मामा हे वाचणार आहे आणि त्याची परवानगी घेतली आहे, त्यामुळे मागाहून फोन नकोत.

मामीला पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेला. चालणं महिन्याभरात सुधारलं, बोलणं मात्र अडलं. शब्द मनात असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, व्हिडिओ कॉलवर. थेरपिस्ट बाई मुंबईच्या, मामा-मामी पुण्यात. मामी आतल्या खोलीत बसायची. बाई चित्र दाखवायच्या, मामी जोर लावून म्हणायची, "पा..." आणि चित्र गोठायचं. पाच-सात सेकंदांनी परत आलं की बाई म्हणायच्या, "पुन्हा एकदा म्हणा बरं." मामीने 'पातेलं' अख्खं म्हटलेलं असायचं, पण ते मुंबईला पोचलेलंच नसायचं. असं तासात सात-आठ वेळा. मामीचा समज काय झाला असेल? नेट अडतंय असा? छे! "माझंच चुकतंय," असं ती हाताने कपाळाकडे दाखवून सांगायची. पुढे पुढे तर कॉलची वेळ झाली की तिचं डोकं दुखायला लागायचं.

मामाने काय करावं? त्याने हेल्पलाइनला फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर, "सर, आपण प्लॅन अपग्रेड करून घ्या." शंभरचा दोनशे झाला. दोन महिन्यांनी पुन्हा फोन, पुन्हा तोच गोड आवाज, दोनशेचे तीनशे झाले. पहिल्या प्लॅनपेक्षा महिन्याला चारशे रुपये जास्त, वर अठरा टक्के कर. दोन वर्षं हेच चाललं असतं तर अकरा हजारांच्या वर रक्कम. आणि व्हिडिओ कॉलला लागतात किती? चांगल्या चित्रालाही तीन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले. म्हणजे पहिल्या शंभरातच काम भागत होतं. मामाकडे वेगाची कमतरता नव्हतीच, गळती होती. गळक्या बादलीला मोठा नळ लावून काय होणार?

मी गेलो तेव्हा लॅपटॉप आतल्या खोलीतल्या तारेला जोडला आणि दारातल्या डबीला पिंग केलं. पिंग म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारायची आणि "आहे" हे उत्तर मोजायचं. घरातल्या घरात, तारेवरून, शंभर हाकांना शंभर उत्तरं यायलाच हवीत. इथे सात गेल्या. त्याही सुट्या सुट्या नव्हेत, ओळीने सात. मग लॅपटॉप उचलला, दारापाशी जाऊन हातभर नव्या तारेने थेट डबीला जोडला. शंभराला शंभर. जोडणीचा वेग आत १०० दिसत होता, तो इथे १०००. म्हणजे कंपनी निर्दोष, डबी निर्दोष, लॅपटॉप निर्दोष. चोर मधल्या तारेत. पंधरा मिनिटांचं काम हो! हेल्पलाइनवरच्या कुणी एकदा तरी "काका, लॅपटॉप डबीला जोडून बघा" एवढं सुचवलं असतं तर?

तारेमागे हात फिरवत गेलो आणि पॅसेजच्या माळ्यावर ती सापडली. रंगकामात कधीतरी तार कापली गेली होती आणि कुणीतरी ती 'जोडून' दिली होती. वीतभर वेणी सोडून, नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन, वर काळी इन्सुलेशन टेप. निळी आणि तपकिरी जोडी? त्या चक्क कापून टाकलेल्या. "दोन जोड्यांवर चालतंय की!" त्या जोडावर मामाची जुनी ट्रंक. तांबं काळं पडलेलं, जोड सैल. तो जरा हलला की जोडणी तुटायची आणि सावरायला पाच-सात सेकंद घ्यायची. मामीचं पातेलं तिथे सांडत होतं.

जुन्या पाइपातून नवी तार सरकेना, म्हणून भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारली. (पट्टी भिंतीवर दिसते यावर मामाचा आक्षेप होता. टीव्हीच्या पाच वायरी लोंबकळतात त्यावर नव्हता!) चोवीस मीटर अस्सल तांब्याची कॅट ६ तार, दोन टोकांना दोन सॉकेट, तीनशे रुपयांचा टेस्टर, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. नंतर हजार हाका मारल्या, हजार उत्तरं आली. मामाला मी परत शंभरच्या प्लॅनवर आणलं. मामीचं बोलणं तारेने सुधारलं असं मी म्हणणार नाही. ते तिच्या आणि थेरपिस्ट बाईंच्या कष्टाने सुधारतंय. पण अडलेला शब्द आता तिचाच असतो, आणि ती त्याच्याशी भांडते. आधी ती भलत्याच्या चुकीशी भांडत होती.

मला राग येतो तो याचा. बिघडलेली वस्तू पैसे खाते ते ठीक. पण अर्धवट बिघडलेली वस्तू माणसाला स्वतःवर संशय घ्यायला लावते. परीक्षा देणारं पोर म्हणतं मीच हळू आहे, घरून काम करणारी सून ऐकून घेते की तुमचाच आवाज नेहमी तुटतो, म्हातारी माणसं म्हणतात आम्हालाच हे जमत नाही. आणि माळ्यावर टेपमध्ये गुंडाळलेला तो जोड मजेत पडलेला असतो.

बरं, दोष कुणाचा? जोड देणाऱ्या पोराला झोडपणं सोपं आहे, मी ते करणार नाही. ज्याला घरामागे पैसे मिळतात, वेळेमागे नाही, तो पुढचं घर गाठणारच. त्याला नीट तार टाकण्याचा मोबदला ना कंपनी देते ना आपण. प्लंबरने सांध्याला दोरा नीट गुंडाळला की नाही हे आपण डोक्यावर उभं राहून बघतो, नेटवाल्याला मात्र "झालं का? दिवा लागला ना? मग ठीक," म्हणून वाटेला लावतो.

दुसरे महाशय बिल्डर. माझ्या बहिणीच्या ठाण्यातल्या नव्या कोऱ्या टॉवरमध्ये प्रत्येक खोलीत 'डेटा पॉइंट' अशी झोकदार पाटी आहे. उघडली तर मागे भिंत! एसीला वेगळी लाइन, गिझरला वेगळी लाइन, टीव्हीला पाइप, इंटरकॉमला पाइप. नेटवर्कच्या तारेला रिकामा पाऊण इंची पाइप टाकायला असा किती खर्च येतो हो? ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार दर्जा देण्याचे नियम केले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ग्राहक फ्लॅट बघताना पोहण्याचा तलाव बघतो, पाइप कोण विचारतो?

तिसरा दुकानदार. "सगळे हीच नेतात साहेब," म्हणून जी स्वस्त तार गळ्यात मारतात ती पुष्कळदा तांब्याची नसतेच. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने जरा खरवडून पाहा, आत पांढरी चकाकली तर ती तीच. तिचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपट, वाकवली की तुटते, आणि त्याच तारेवरून कॅमेऱ्याला वीज पुरवली तर तापते. कॅट ५-ई आणि कॅट ६ ची मानकं असल्या तारेला तारच मानत नाहीत. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'कॅट ६' लिहिलेलं असतं आणि आपण तेवढंच वाचतो.

आता आक्षेप. मला माहीत आहे ते येणार, म्हणून आधीच उत्तरं देऊन ठेवतो.

"अरे, आता सगळं वायफायवर असतं, तार कुणाला हवी?" वायफाय आकाशातून पडत नाही. आतल्या खोलीतला राउटर कशाने तरी मागे जोडलेला असतोच. आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती लहरी खाऊन टाकतात, म्हणून मधे रिपीटर बसवायचा. आणि साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे सांगतो, म्हणजे वेग निम्म्यावर. आतल्या राउटरला चांगली तार द्या, मग त्याच वायफायची मजा बघा.

"हे आपलं काम नाही, तज्ज्ञांचं आहे." दुरुस्ती नसेल जमत तर नका करू. निदान करायला काय हरकत आहे? ताप बघायला आपण डॉक्टरकडे जात नाही, थर्मामीटर लावतो. आणि 'तज्ज्ञ' म्हणून जो येतो त्याचा टेस्टरसुद्धा फसतो बरं का. आठ दिवे ओळीने लागले म्हणजे आठही तारा टोकाला पोचल्या, इतकंच कळतं. पण कुणी रंगाशेजारी रंग अशा क्रमाने तारा खोचल्या असतील तर तिसरी आणि सहावी तार वेगवेगळ्या वेण्यांतल्या होतात. दिवे सगळे लागतात, काम मात्र बिघडतं. म्हणून क्रम डोळ्यांनी बघायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. आणि टोकाशी वेणी अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायची नाही.

"कधी कधी दोष कंपनीचाच असतो." अगदी मान्य! पण ते सिद्ध कसं करणार? दारातल्या डबीला थेट जोडूनही वेग येत नसेल, हाका हरवत असतील, तर तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि बेलाशक तक्रार करा. मग "प्लॅन अपग्रेड करा" म्हणणाऱ्या गोड आवाजाला आकडे सांगता येतात. आकडे असले की माणूस ग्राहक म्हणून बोलतो, नाहीतर विनवण्या करतो.

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी एक करा. लॅपटॉप आतल्या तारेला जोडा, जोडणीचा वेग १०० दिसतो की १००० ते बघा. राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, त्याला शंभर हाका मारा. मग तेच दारातल्या डबीपाशी करा. दोन्हीकडचे आकडे सारखे आले तर तार सुटली, वेगळे आले तर मधला चोर पकडा. आणि घराचं रंगकाम किंवा फरशीचं काम काढणार असाल तर एक रिकामा पाइप टाकून घ्या, विजेच्या तारांपासून वेगळा, दोन्ही टोकांना दोरी सोडून. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यातून काय ओढावं लागेल ते आज आपल्याला ठाऊक नाही, पण दोरी असली की ओढता येईल.

आणि पुन्हा कुणी "चालतंय ना?" म्हणालं की एकच प्रश्न विचारा: "कितीवर?"

ता. क. - नातेवाईकांपैकी ज्यांचा आकडा ९४ येईल त्यांनी मला कळवावं. क्रिंपर माझा, तार तुमची, आणि चहाबरोबर चकली हवी.